कर सवलतींची किंमत आणि तिचे मूल्यमापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थसंकल्प सादर झाला, मिळकतकराची बिले आली किंवा एखादी नवी सवलत जाहीर झाली की पुण्यातील गृहनिर्माण संस्था, कर सल्लागार, विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक यांच्याकडून जवळजवळ तेच प्रश्न पुन्हा येतात. त्यांतील नेमाने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. आयकराच्या कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्यातील आहेत; १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाल्याने क्रमांक बदलले आहेत, मात्र येथील विवेचन त्यामुळे बदलत नाही.

१. सवलत देऊन सरकारने कर घेतलाच नाही, तर त्याला खर्च का म्हणायचे?

एखाद्याकडून शंभर रुपये कर घेऊन तेवढेच अनुदान त्याला परत देणे आणि मुळात ते शंभर रुपये न घेणे, या दोन्हींत तिजोरीची शिल्लक सारखीच राहते. अमेरिकेच्या अर्थखात्यातील करतज्ज्ञ स्टॅन्ली सरी यांनी १९६७ मध्ये हा मुद्दा ठामपणे मांडला आणि १९७४ च्या कायद्याने तेथे अशा सवलतींची यादी अर्थसंकल्पासोबत देणे बंधनकारक झाले.

फरक पडतो तो देखरेखीत. अनुदानाची रक्कम दरवर्षी मागणी म्हणून लोकसभेत किंवा विधानसभेत मताला टाकावी लागते. सवलत एकदा वित्त कायद्यात शिरली की कोणी ती मुद्दाम काढेपर्यंत राहते, आणि तिच्यावर दरवर्षी मतदान होत नाही. म्हणूनच तिचे मूल्यमापन वेगळे करावे लागते: ती कशासाठी दिली, तिच्यापायी किती महसूल गेला, लाभ कोणाला झाला आणि ती नसती तर काय घडले असते. यांतील चौथा प्रश्न सर्वांत अवघड असतो आणि बहुतेक वेळा तोच विचारला जात नाही.

२. हे आकडे छापून कोठे येतात?

केंद्र सरकार २००६-०७ च्या अर्थसंकल्पापासून सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण देत आले आहे. आज ते प्राप्ती अर्थसंकल्पाच्या परिशिष्टात, कर प्रोत्साहनांचा महसुलावरील परिणाम अशा आशयाच्या शीर्षकाखाली असते. त्यात आधीच्या वर्षाचा, प्रत्यक्ष विवरणपत्रांवर बेतलेला आकडा आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असतो. कंपन्यांच्या बाबतीत नफ्याच्या पायरीनुसार प्रत्यक्ष पडलेला कराचा दरही दिलेला असतो. कंपनी कराचा दर ३० टक्के असला तरी प्रत्यक्ष वसुली सुमारे २३ टक्केच पडते, असे अरुण जेटली यांनी २०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात सांगितले होते. ही तफावत अशा तक्त्यांतूनच दिसते.

राज्य आणि महापालिका यांच्या सवलतींचा माग काढायला जास्त हिंडावे लागते. मुद्रांक शुल्काची माहिती नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रक यांच्याकडे (हे कार्यालय पुण्यातच आहे), वाहनकराची परिवहन खात्याकडे, उद्योगांच्या प्रोत्साहनाची उद्योग विभागाच्या मागण्यांत आणि मिळकतकराची महापालिकेच्या अंदाजपत्रकात, अशी ती विखुरलेली आहे.

केंद्राच्या विवरणातही एक मोठी उणीव आहे. केंद्रीय योजनांवरील खर्चासोबत अपेक्षित फलिताचे तक्ते मांडले जातात आणि योजनांच्या मूल्यमापनासाठी नीती आयोगात २०१५ पासून स्वतंत्र कार्यालय आहे. सवलतींच्या विवरणात रक्कम मिळते, फलिताचा रकाना नाही.

३. रक्कम नेमकी कशी काढतात?

तीन पद्धती आहेत. पहिलीत, लोकांचे वागणे जसे आहे तसेच राहिले असे धरून सवलतीमुळे किती कर आला नाही ते मोजतात. केंद्राचे विवरण याच पद्धतीने तयार होते. दुसरीत, सवलत काढल्यावर लोक आपले व्यवहार बदलतील हे लक्षात घेऊन तिजोरीत प्रत्यक्ष किती भर पडेल ते पाहतात. तिसरीत, तोच लाभ अनुदानातून द्यायचा झाला तर किती रक्कम लागेल ते काढतात. पहिली पद्धत सोपी आहे आणि तिला विवरणपत्रांतील माहिती पुरते, त्यामुळे बहुतेक देश तीच वापरतात. तिची मर्यादा प्रश्न ५ मधील उदाहरणात आकड्यांनिशी दिसेल.

या सर्व पद्धतींना एक आधार लागतो, तो म्हणजे 'सवलत नसलेली' करपद्धती कोणती मानायची. हा आधारच सरकला तर काय होते, ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. सगळ्या रकमांची बेरीज करून 'उद्योगपतींना इतके लाख कोटी वाटले' असे म्हणणे बरोबर आहे का?

नाही, आणि 'ही सगळी कागदावरची आकडेमोड आहे, खरे काही गेलेच नाही' हे प्रत्युत्तरही तितकेच चूक आहे.

बेरीज का करू नये, याची कारणे सरळ आहेत. प्रत्येक बाब इतर सर्व बाबी जागच्या जागी आहेत असे धरून स्वतंत्रपणे मोजलेली असते. दोन सवलती एकाच वेळी काढल्या तर करदाता वरच्या दरात जाऊ शकतो किंवा तिसऱ्या सवलतीकडे वळू शकतो, त्यामुळे एकत्रित परिणाम बेरजेइतका येत नाही. शिवाय काही बाबींत कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. कंपन्यांच्या यादीत मोठी रक्कम दाखवणारा जलद घसारा असाच आहे: यंत्रावरची वजावट आधी घेतली की नंतरच्या वर्षांत ती कमी मिळते, आणि सरकारचे खरे नुकसान मधल्या काळातील व्याजाएवढे असते.

आणखी एक गल्लत फार वेळा होते. सूचिबद्ध समभागांवरील दीर्घकालीन भांडवली नफा ऑक्टोबर २००४ पासून करमुक्त होता. २०१८ च्या अर्थसंकल्पात असा करमुक्त नफा सुमारे ३,६७,००० कोटी रुपये असल्याचे सांगितले गेले, आणि हीच रक्कम बुडालेला कर म्हणून अनेक ठिकाणी फिरली. वास्तविक ते उत्पन्न होते. त्यावर १० टक्के दर लावून पहिल्या वर्षी सरकारने अपेक्षिलेली वाढ सुमारे २०,००० कोटींची होती, कारण एक लाखापर्यंतचा नफा मोकळा ठेवला होता आणि ३१ जानेवारी २०१८ पर्यंत साठलेल्या नफ्याला संरक्षण होते. आकडा वाचताना तो उत्पन्नाचा आहे, वजावटीचा आहे की कराचा, हे प्रथम पाहावे.

५. २०२० मध्ये मुद्रांक शुल्क कमी केल्यावर पुण्यात घरांची नोंदणी भरपूर झाली. मग ती सवलत यशस्वी ठरली ना?

राज्याने शहरी भागात शुल्काचा मूळ दर १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात ५ टक्क्यांवरून २ टक्के आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के केला होता. डिसेंबरच्या अखेरीस दुय्यम निबंधक कार्यालयांत झालेली गर्दी पुणेकरांना आठवत असेल. शुल्क आधी भरून दस्त चार महिन्यांत नोंदवता येतो, या तरतुदीचा लाभही अनेकांनी घेतला.

मात्र नोंदणी वाढली यावरून यश ठरत नाही. केवळ समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब करू. सवलतीच्या काळात ६० लाखांची १०० घरे विकली गेली आणि प्रत्येक घरामागे ३ टक्के, म्हणजे १,८०,००० रुपये शुल्क कमी आले. समजा यांतील ७० जण तेव्हाच घर घेणार होते, २० जणांनी पुढच्या वर्षीची खरेदी अलीकडे ओढली आणि फक्त १० जण सवलतीमुळेच बाजारात आले. पहिल्या पद्धतीने (प्रश्न ३) खर्च निघतो १ कोटी ८० लाख. प्रत्यक्षात ९० जणांकडून १ कोटी ६२ लाख कमी आले, तर नव्या १० जणांनी २ टक्के दराने १२ लाख भरले, म्हणजे निव्वळ तोटा दीड कोटी. सवलतीने घडवलेली घरे दहा, तेव्हा प्रत्येक घरामागे सरकारला १५ लाख पडले. खरे प्रमाण ७०, २० आणि १० असेच होते असे कोणी समजू नये. ते वेगळे असू शकते आणि तेच शोधणे हे मूल्यमापनाचे काम आहे.

त्यासाठी सवलत संपल्यानंतरच्या महिन्यांतील नोंदणी पाहावी लागते. ती नेहमीपेक्षा फार खाली गेली, तर खरेदी फक्त अलीकडे सरकली होती असा अर्थ निघतो. घरांच्या किमतींकडेही पाहावे लागते, कारण शुल्कातील कपात विक्रेत्याने किमतीत जिरवून घेतली असेल तर लाभ खरेदीदाराच्या हाती आलाच नाही. त्यात त्या वर्षी गृहकर्जाचे व्याजदर खाली आले होते आणि टाळेबंदीमुळे तुंबलेले व्यवहारही मोकळे होत होते. या सर्वांचे श्रेय एकट्या सवलतीला देणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

६. महिलांना मुद्रांक शुल्कात मिळणारी एक टक्क्याची सूट याच कसोटीवर टिकते का?

ही सूट १ एप्रिल २०२१ पासून आहे आणि घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावे असेल तरच मिळते. सुरुवातीला असे घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती. ती २०२३ मध्ये काढली गेली. अट जाचक होती हे खरे, पण ती गेल्यामुळे मालकी महिलेकडे टिकते की नाही, हे तपासण्याचा आधारही सैल झाला. महिलांच्या नावे झालेल्या दस्तांची संख्या वाढली, एवढे सांगून येथे भागत नाही. पुढे ते घर विकले गेले का आणि कोणाच्या नावे गेले, हे दस्त एकमेकांशी जोडून पाहायला हवे, आणि नोंदणी विभागाकडील संगणकीकृत नोंदींतून ते शक्य आहे.

७. पुणे महापालिकेची मिळकतकरातील ४० टक्के सवलत पुन्हा मिळाली, म्हणजे ती योग्य असल्याचे सिद्ध झाले का?

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. मालक स्वतः राहत असलेल्या घराचे करपात्र मूल्य ठरवताना ४० टक्के सूट देण्याची पद्धत पुण्यात १९७० पासून होती. लेखापरीक्षणात तिच्या कायदेशीर आधारावर आक्षेप आला, राज्य शासनाने २०१९ मध्ये ती रद्द केली, वाढीव बिले निघाली, शहरात मोठा असंतोष झाला आणि २०२३ मध्ये शासनाने सवलत पुन्हा लागू केली. ज्यांची सवलत गेली होती त्यांना स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून पीटी-३ अर्ज भरावा लागला.

या साऱ्या वादात दोनच गोष्टींवर बोलणे झाले: सवलत कायद्यात बसते का, आणि ती काढल्यास लोकांवर किती बोजा पडतो. ती नेमकी कोणाला मिळते, हा प्रश्न बाजूलाच राहिला. सवलत करपात्र मूल्यावर असल्याने घर जितके मोठे आणि महाग परिसरातले, तितकी रुपयांतील सूट जास्त. एरंडवण्यातील प्रशस्त सदनिकेला मिळणारी रक्कम धनकवडीतील दोन खोल्यांपेक्षा साहजिकच मोठी असते, आणि भाड्याने राहणाऱ्याला काहीच मिळत नाही. उलट भाड्याने दिलेल्या घराचा पूर्ण दराचा कर मालक भाड्यातून वसूल करू शकतो. विद्यार्थी आणि नोकरीसाठी आलेल्या भाडेकरूंची संख्या इतकी मोठी असलेल्या शहरात हा मुद्दा किरकोळ म्हणता येणार नाही.

आमच्या मते सवलत ठेवायचीच असेल, तर ती ठरावीक क्षेत्रफळापर्यंत किंवा ठरावीक रकमेपर्यंत मर्यादित करण्याचा पर्याय निदान तपासायला हवा होता. पन्नास वर्षे चाललेल्या सवलतीचा लाभ क्षेत्रफळाच्या गटांनुसार कसा वाटला गेला, हे अंदाजपत्रकाच्या एका पानावर मांडता येईल, कारण मिळकतींची नोंद महापालिकेकडेच आहे.

८. लेखापरीक्षण होते की! मग वेगळे मूल्यमापन कशाला?

साधे लेखापरीक्षण नियम पाळला गेला का ते पाहते. मूल्यमापन तो नियम उपयोगी आहे का ते पाहते. पात्र नसलेल्याला सवलत मिळाली तर लेखापरीक्षकाला ती सापडेल, मात्र सर्व पात्र व्यक्तींना नियमानुसार मिळालेली सवलत निरुपयोगी असली तरी साधे लेखापरीक्षण निर्वेध पार पडेल.

दोन्हींच्या मध्ये कामगिरीचे लेखापरीक्षण येते आणि भारतात या विषयावर झालेले काही उत्तम काम भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या, म्हणजे कॅगच्या, अशाच अहवालांत आहे. विशेष आर्थिक क्षेत्रांवरील २०१४ च्या अहवालात २००६-०७ ते २०१२-१३ या काळात ८३,१०४ कोटी रुपयांच्या कर सवलती दिल्या गेल्याचे नोंदवले आहे. अधिसूचित जमिनीपैकी सुमारे ६२ टक्के जमिनीवरच काम सुरू झाल्याचेही त्यात आहे. रोजगार, गुंतवणूक आणि निर्यात यांच्या मूळ अंदाजांशी प्रत्यक्षाची तुलना केली होती. मात्र असे अहवाल निवडक विषयांवर आणि बहुधा सवलतीची बरीच वर्षे उलटल्यावर येतात. प्रत्येक सवलतीची पाळी ठरलेल्या काळाने येईल अशी व्यवस्था त्यातून होत नाही.

९. कर सवलती नसत्या तर हिंजवडी उभे राहिले असते का?

हा प्रश्न जितक्या वेळा येतो, तितक्याच ठामपणे लोक त्याची दोन विरुद्ध उत्तरे देतात. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांना आधी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेखाली कलम १०क ची सूट होती, ती ३१ मार्च २०११ रोजी संपली. विशेष आर्थिक क्षेत्रातील नव्या घटकांना कलम १०कक प्रमाणे निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे १०० टक्के, पुढची पाच वर्षे ५० टक्के आणि नफा पुन्हा गुंतवल्यास आणखी पाच वर्षे ५० टक्के वजावट होती. २०१२-१३ च्या करआकारणी वर्षापासून या घटकांनाही किमान पर्यायी कर (सवलती घेऊनही नफ्यावर भरावाच लागणारा किमान कर) लागू झाला आणि नव्या घटकांसाठी २०२० मध्ये दार बंद झाले.

हिंजवडीच्या बाबतीत अडचण अशी की तेथे सवलतीखेरीज इतर कारणेही एकाच वेळी काम करत होती: महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जमीन, द्रुतगती मार्गामुळे जवळ आलेली मुंबई, आणि दरवर्षी बाहेर पडणारे अभियंते. सवलत देशभर सारखीच होती, त्यामुळे पुण्याने बंगळूरु किंवा हैदराबादच्या तुलनेत काय कमावले याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. सवलत संपली तेव्हा काय झाले, हा त्यातल्या त्यात पाहण्याजोगा भाग आहे. २०११ नंतर उद्योग शहर सोडून गेला नाही. यावरून सवलत सुरुवातीपासूनच निरर्थक होती असे म्हणता येत नाही, पण जम बसल्यानंतरच्या वर्षांत दिलेला बराचसा लाभ कंपन्यांना तसाही करायच्या कामासाठी मिळाला, असे मानायला जागा आहे.

१०. मी कलम ८०सी खाली बचत करतो. माझ्यासारख्या मध्यमवर्गीयाचा लाभही यात मोजतात का?

होय, आणि वैयक्तिक करदात्यांच्या यादीत ही बाब ठळक असते. दीड लाखाच्या वजावटीमुळे ३० टक्के दराच्या करदात्याचे उपकर धरून ४६,८०० रुपये वाचतात, ५ टक्के दराच्या करदात्याचे ७,८०० आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही त्याचे शून्य. बचतीला प्रोत्साहन हा हेतू धरला, तर ज्याला बचत करणे सर्वांत सोपे त्यालाच सर्वांत मोठे प्रोत्साहन मिळते. २००५-०६ पूर्वी कलम ८८ खाली थेट करातून सूट होती आणि उत्पन्न वाढल्यावर सुटीचा दर घटत असे; वजावटीकडे वळताना हा गुण गेला. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही, त्यामुळे तिचा खर्च कमी होत जाईल. त्याबरोबर लोकांची बचत कमी झाली का, हे पाहिले तर कलम ८०सी खरोखर बचत वाढवत होते की फक्त तिची जागा बदलत होते, ते कळेल.

११. दरच कमी केला तर ती सवलत धरायची का?

साधारण नियम असा की सर्वांसाठी असलेला दर हा आधार आणि काहींसाठीचा अपवाद ही सवलत. मात्र सीमारेषा धूसर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये इतर बहुतेक सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी २२ टक्के दर आणला गेला आणि सरकारने त्याची किंमत वर्षाला १.४५ लाख कोटी सांगितली. २०२५ च्या अर्थसंकल्पात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत कर शून्य केला, त्याची किंमत सुमारे एक लाख कोटी. दोन्ही निर्णय मोठे, पण कमी केलेला दरच आधार मानला तर ते सवलतींच्या यादीत दिसणार नाहीत. आधार खाली आणला की कोणाचाही कर न वाढता सवलतींची एकूण रक्कम घटलेली दिसते. म्हणून यादीतील घट वाचताना सवलती काढल्या गेल्या की आधार बदलला, हे विचारावे.

१२. केंद्राने आयकरात सवलत दिली तर महाराष्ट्राच्या तिजोरीवर परिणाम होतो का?

होतो. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने विभाज्य, म्हणजे केंद्राने राज्यांसोबत वाटून घ्यायच्या, करांपैकी ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के होता. केंद्राने आयकराचे शंभर रुपये सोडले तर राज्यांचे ४१ रुपये आणि त्यांतील महाराष्ट्राचे सुमारे २ रुपये ५९ पैसे गेले. उपकर आणि अधिभार वाटून द्यावे लागत नसल्याने त्यांतील सवलतीचा भार एकट्या केंद्रावर पडतो.

१३. राज्याची उद्योगांसाठीची सामूहिक प्रोत्साहन योजना ही कर सवलत आहे की अनुदान?

ही योजना १९६४ पासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे आणि मागास तालुक्यांना जास्त, पुण्यासारख्या विकसित भागाला सर्वांत कमी लाभ, अशी तिची रचना आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यानंतर राज्याला आपल्यापुरता दर बदलता येत नाही, म्हणून राज्याच्या वाट्याच्या भरलेल्या कराशी निगडित रक्कम प्रोत्साहन अनुदान म्हणून परत दिली जाते. उद्योगाच्या दृष्टीने फार फरक पडत नाही, पण विधिमंडळाच्या दृष्टीने पडतो: आता ती रक्कम खर्चाच्या मागणीत दिसते आणि तिच्यावर चर्चा होऊ शकते. आमच्या मते हा बदल स्वागतार्ह आहे.

१४. वस्तू व सेवा करातून सूट मिळाली म्हणजे ग्राहकाचा पूर्ण कर वाचला ना?

पूर्ण नाही. विक्रीवर सूट असेल तर विक्रेत्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही आणि तो भार किमतीत शिरू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विमा करमुक्त झाला, तेव्हाही विमा कंपन्यांच्या खर्चातील कराचा प्रश्न असाच उरला. यामुळे सूट दिल्याने गेलेला महसूल हा दर गुणिले विक्री यापेक्षा कमी असतो. निर्यात मात्र वेगळी: तेथे शून्य दर असतो, आधीचा करही परत मिळतो आणि वस्तूवरचा कर ती जेथे वापरली जाते त्या देशाने घ्यायचा असल्याने ही सवलत मानत नाहीत.

१५. शेती उत्पन्न करमुक्त आहे. ती सर्वांत मोठी सवलत नव्हे का?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे शेती उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकार राज्यांचा आहे. जो कर केंद्राला लावताच येत नाही, तो केंद्राने सोडला असे म्हणणे तर्काला धरून नाही. राज्याच्या पातळीवर हा प्रश्न रास्त आहे. केंद्राच्या बाजूने तपासण्याची गोष्ट एवढीच की इतर उत्पन्न शेतीचे म्हणून दाखवले जाते का. ती कर चुकवण्याची बाब झाली.

१६. सहकारी साखर कारखान्यांना २०२३ मध्ये मिळालेला दिलासा कोणत्या प्रकारात मोडतो?

हा खरोखर कठीण अपवाद आहे. कारखान्यांनी उसाला वैधानिक किमान दरापेक्षा जास्त दिलेला भाव हा खर्च की सभासदांना वाटलेला नफा, यावर आयकर खात्याशी वर्षानुवर्षे वाद होता. २०१६-१७ पासूनच्या आकारणीसाठी कायद्यात तरतूद झाली होती. त्यापूर्वीच्या वर्षांची रक्कम खर्च म्हणून धरण्यास २०२३ च्या अर्थसंकल्पाने मुभा दिली आणि दिलासा सुमारे १०,००० कोटींचा असल्याचे सांगितले. उसाचा भाव हा कारखान्याचा कच्च्या मालावरचा खर्चच आहे असे मानले, तर ही चुकीच्या आकारणीची दुरुस्ती ठरते आणि सवलत उरत नाही. तो नफा होता असे मानले, तर ही पूर्वलक्षी सवलत आहे आणि पूर्वलक्षी सवलतीने कोणाचेही वागणे बदलत नाही, कारण ऊस केव्हाच गाळला गेलेला असतो. आमचा कल पहिल्या बाजूकडे आहे, तरी मालक व सभासद एकच असलेल्या संस्थेत भाव कोठे संपतो आणि नफा कोठे सुरू होतो, ही शंका निराधार नाही.

१७. मिळकतकराच्या थकबाकीवरील अभय योजना हीदेखील कर सवलतच का?

मूळ कर माफ होत नाही, दरमहा २ टक्क्यांनी चढलेली शास्ती काही अंशी सोडली जाते, म्हणून नेहमीच्या यादीत ती बसत नाही. तिचा खर्च मात्र आहे, आणि तो सोडलेल्या शास्तीपुरता नाही. पुन्हा अभय मिळेल या अपेक्षेने जे थांबतात त्यांचा उशीरही त्यात धरावा लागतो. योजना संपल्यावर महापालिका 'इतके कोटी जमा झाले' असे जाहीर करते. त्याऐवजी यांतील किती मिळकती आधीच्या अभय योजनेतही होत्या, हा आकडा हवा. वेळेत भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात ५ किंवा १० टक्के सूट असते, तिच्याशी तुलना केली तर प्रामाणिक करदात्यांची नाराजी समजण्यासारखी आहे.

१८. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या सवलतींचे काय?

येथे सवलती एकावर एक चढलेल्या आहेत: १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के वस्तू व सेवा कर, एप्रिल २०१९ ते मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची आयकर वजावट, राज्याच्या २०२१ च्या धोरणापासून वाहनकरमाफी आणि २०२५ च्या धोरणात पुणे–मुंबई द्रुतगती मार्गासह काही रस्त्यांवरची पथकरमाफी. प्रत्येकीचा हिशेब वेगळ्या खात्याकडे असल्याने एका गाडीमागे सरकारने एकूण किती सोडले, हे एकत्र दिसत नाही. मार्च २०२५ मध्ये राज्याने ३० लाखांवरच्या अशा गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात तो मागे घेतला. दुचाकी आणि तीनचाकींना द्यायची सवलत आणि आलिशान मोटारींना द्यायची सवलत यांत भेद करण्याची ती संधी होती, ती घ्यायला हवी होती.

१९. सवलतीला मुदत घातली की प्रश्न सुटतो का?

अर्धा सुटतो. सीमाशुल्कात २०२१ च्या वित्त कायद्याने सशर्त सूट साधारण दोन वर्षांनंतरच्या ३१ मार्चला आपोआप संपेल अशी तरतूद आणली, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात ३५० हून अधिक जुन्या सुटी टप्प्याटप्प्याने काढण्याचे जाहीर झाले. मुदत असली की मुदतवाढ मागणाऱ्याला कारण द्यावे लागते. मात्र मुदतवाढीच्या आधी मूल्यमापन छापलेच पाहिजे असे बंधन नसेल, तर मुदतवाढ दरवेळी सवयीने मिळत राहते. मुदत जवळ आल्यावर लाभार्थी एकवटतात आणि बाकीच्या करदात्यांना पत्ताही नसतो.

२०. सामान्य नागरिकाने माहिती अधिकारात काय मागावे?

मत किंवा कारणमीमांसा मागू नये, ती देणे बंधनकारक नाही. अभिलेखातील माहिती मागावी: सवलतीचा मूळ ठराव किंवा अधिसूचना आणि तिच्यासोबतची टिपणी, गेल्या पाच आर्थिक वर्षांतील लाभार्थ्यांची संख्या आणि रक्कम, क्षेत्रफळाच्या किंवा किमतीच्या गटांनुसार विभागणी उपलब्ध असल्यास तिची प्रत, आणि मुदतवाढीपूर्वी सादर झालेला आढावा अहवाल. अर्जाची फी दहा रुपये आहे आणि उत्तराची मुदत तीस दिवस. मिळकतकरासाठी अर्ज महापालिकेच्या कर आकारणी व करसंकलन विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे आणि मुद्रांक शुल्कासाठी नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाकडे करावा. आढावा अहवालाबाबत 'अशी माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही' असे उत्तर आले, तर ते जपून ठेवावे. पुढच्या मुदतवाढीच्या वेळी आपल्या नगरसेवकापुढे किंवा आमदारापुढे ठेवण्यासाठी तो सरकारी सहीचा कागद असतो.